तात्यांच्या हृदयावरची चरबी

भिगवणहून बारामतीला येणारी एसटी, खिडकीची जागा आणि माझ्या मांडीवर स्टीलचा डबा. शेजारी एक बाई बसलेली, तिच्या पायाशी माशांची पाटी. तिच्या पाटीचा वास सगळ्या गाडीभर आणि माझ्या डब्याला वासच नाही, म्हणून तिला शंका आली असावी.

"डब्यात काय हाय, ताई?"

"बोकडाचं दिल."

"एकच?"

"चार आहेत."

"भाजून करता का रश्शात?"

"खायला नाहीत. बघायला."

ती उठली. मग पाटी उचलून पुढच्या सीटवर गेली आणि कंडक्टरच्या कानाशी काहीतरी बोलली. कंडक्टरनं येऊन माझं तिकीट पुन्हा तपासलं. तिकीट बरोबर होतं. डब्याबद्दल विचारायचं त्याला धाडस झालं नाही.

मी मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायचे. शरीररचना म्हणजे मेलेली माणसं उघडून जिवंत मुलांना दाखवणं. आमच्या भागात या कामाला कुणी नावं ठेवली नाहीत, पण कुणी जवळही बसलं नाही. सासूबाई माझ्या चपला अंगणातच काढायला लावायच्या आणि साडीला येणाऱ्या औषधाच्या वासावरून मला 'दवाखान्यातली' म्हणायच्या. दवाखान्यात माणसं बरी करतात. मी कुणालाच बरं केलं नाही. माझ्याकडे आलेलं एकही माणूस परत उठून गेलं नाही, आणि तक्रारही कुणी केली नाही.

नोकरीला लागले तेव्हाची मी आज मला रस्त्यात भेटली, तर मी तिला घरी चहाला बोलावणार नाही. पुण्याहून शिकून आलेली, कडक इस्त्रीचा पांढरा कोट, टाचांच्या चपला. शवविच्छेदनाच्या हॉलमधली फरशी कायम ओली असते, हे एवढं शिकूनही तिच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पहिल्याच तासाला हृदयाची जागा सांगता सांगता ती पाय घसरून आडवी झाली. मागून एक मुलगा अगदी आदरानं म्हणाला, "मॅडम, टेबल इकडं आहे." पुढची सगळी वर्षं मी कॅनव्हासचे बूट घातले. पण डोकं मात्र बराच काळ त्या टाचांवरच उभं होतं.

त्या टाचांच्या बाईचं, म्हणजे माझंच, एक वाक्य कॉलेजात गाजलेलं होतं: "चरबी म्हणजे कचरा." ते कशावरून आलं हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पुस्तकातलं हृदय लालबुंद असतं, त्यावरच्या रक्तवाहिन्या एखाद्या झाडाच्या मुळ्यांसारख्या ठसठशीत दिसतात. खरं हृदय उघडलं की मुलं निराश होतात. ते करडं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी पिवळ्या चरबीनं लिंपलेलं. म्हणून विच्छेदन शिकताना पहिलं काम हेच: बारीक चिमटा घ्यायचा आणि कणाकणानं ती चरबी उचलून काढायची, आतली रक्तवाहिनी न तोडता. मान अवघडते, डोळ्यांतून पाणी येतं. पण शेवटी हृदय पुस्तकातल्यासारखं दिसायला लागतं. जितकं हृदय स्वच्छ, तितका हात चांगला. परीक्षक हेच बघतात, तपासणीला येणारी समितीही हेच बघते.

मी साफ केलेलं एक हृदय काचेच्या बरणीत कॉलेजच्या दर्शनी कपाटात होतं. मुलं त्याला 'मॅडमचं हृदय' म्हणायची. ते कुणा बेवारस माणसाचं होतं. आमच्याकडे बहुतेक बेवारसच यायचे: हायवेवर पडलेले, स्टँडवर सापडलेले. जिवंतपणी ज्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही, त्यांच्याकडे आम्ही भिंग घेऊन बघायचो, असं मी मोठ्या ऐटीत सांगायचे. बरणीखालच्या पट्टीवर नाव मात्र माझं होतं.

ती बरणी घेऊन मी गावोगाव भाषणं द्यायचे. विषय देहदान. बावड्यात एकदा शाळेच्या पटांगणात सभा होती. मी बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हृदय म्हणजे साधा पंप आहे. विहिरीवरच्या मोटारीसारखा. बटण मेंदूत आहे." टाळ्या पडल्या. मग मागून एक उंच, वाळका माणूस उठला. डोक्याला टोपी, हातात काठी, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. हे तात्या. नीरा डाव्या कालव्यावर पाटकरी होते. पाटकरी म्हणजे चारीच्या, कालव्यातून फुटणाऱ्या लहान पाटाच्या, दारावरचा माणूस. धरणातून पाणी सुटलं की कुणाच्या उसाला किती वेळ पाणी द्यायचं ठरलंय, त्याप्रमाणे दार उघडायचं आणि लावायचं, हे त्याचं काम. बावडा कालव्याच्या शेपटाकडे, पाणी सगळ्यांत कमी पोचायचं, म्हणून शिव्याही सगळ्यांत जास्त तिथल्या पाटकऱ्यालाच.

"बाई, माजा पंप जेवल्यावर उड्या मारतोय. चालताना न्हाय. चारी फिरून आलो, जेवलो, आडवा झालो, की सुरू."

सगळं पटांगण हसलं. मीही हसले. म्हणाले, "तात्या, वांगं आणि हरभऱ्याची डाळ बंद करा. गॅस आहे."

"वांगं बंद केलंय कवाच," ते म्हणाले आणि खाली बसले.

नंतर मला कळलं की तोवर त्यांना हेच उत्तर अनेकांनी दिलं होतं. त्यांच्या त्रासाची खोड अशी की तो बसल्या, निजल्या, भरल्या पोटी यायचा आणि उठून चाललं की जायचा. दवाखाना गाठायचा तर घरापासून स्टँडपर्यंत चालावं लागायचं. बारामतीत पोचून छातीला पट्ट्या लावेपर्यंत हृदय शाळेत साहेब आल्यावर पोरं बसतात तसं बसलेलं असायचं. पुढे एकदा त्यांना दिवसभर अंगावर वागवायचं यंत्रही लावलं. त्या दिवशीही काही झालं नाही. कागदावर सगळं सरळ. मग डॉक्टरांनी सांगितलं, मनाचं आहे. घरी आल्यावर बायको म्हणाली, सोंग आहे.

माझी हवा कुठं उतरली ते सांगते. एका परिषदेत पडद्यावर एका परदेशी संशोधकानं हृदयाचं चित्र दाखवलं. चरबीनं बरबटलेलं, काहीच साफ न केलेलं. मी शेजारच्या बाईंना कोपर मारून म्हणाले, "आमचा हॉल धुणारा मामासुद्धा याहून स्वच्छ काढेल." मग त्या माणसानं ती चरबीच मोठी करून दाखवली. चरबीत मज्जातंतूंचं जाळं होतं, आणि जाळ्यात गाठी. बाजरीच्या दाण्याहून लहान अशा अनेक गाठी, एकमेकींना तंतूंनी जोडलेल्या. हृदयाची स्वतःची यंत्रणा. मेंदूकडून निरोप येतो तो या गाठींत उतरतो. त्या आपसांत बोलतात आणि मग पुढे काय करायचं ते ठरवतात. आणि या गाठींचा मुख्य अड्डा होता हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या पाठीमागे, नेमक्या त्या चरबीच्या गाद्यांत, ज्या मी आजवर चिमट्यानं उचलून बादलीत टाकत आले होते.

मी शेजारच्या बाईंशी दिवसभर पुन्हा बोलले नाही. माझं हृदय बरणीत बसलेलं मला डोळ्यांपुढे दिसत होतं. तारा उपटलेला टेलिफोन काचेत ठेवावा आणि खाली अभिमानानं नाव लिहावं, तसं.

माणसाचं हृदय लगेच मिळणार नव्हतं, म्हणून मी बोकडांकडे वळले. भिगवणला सलीमभाईंचं मटणाचं दुकान होतं. पहिल्यांदा त्यांनी दिलेली हृदयं मी घरी आणून उघडली तर वरचे कप्पेच नव्हते. पुन्हा गेले.

"सलीमभाई, वरचा भाग कुठाय?"

"तो छाटतो आम्ही. त्यात मांस कुठाय, मॅडम? नुसती कातडी आन् चरबी. गिऱ्हाईक बोंबलतं."

"मला तेच पाहिजे."

"मांस नको?"

"मांस तुम्ही ठेवा."

सुरी पुसता पुसता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही शिकवता म्हणता ना? मग ठीक आहे." त्यानंतर ते माझ्यासाठी फुप्फुसासकट अख्खं हृदय बाजूला ठेवू लागले. इतर गिऱ्हाइकांना सांगायचे, "मॅडम कॉलेजच्या आहेत," म्हणजे कुणी वेड्यात काढू नये म्हणून. एसटीतला तो डबा त्याच दिवसांतला.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी त्या गाद्या पातळ आम्लात भिजवून ठेवायचे. चरबी धुरकट काचेसारखी व्हायची आणि आत पांढरे धागे दिसायला लागायचे. फुप्फुसांतून येणाऱ्या शिरा डाव्या वरच्या कप्प्यात शिरतात, त्या तोंडांभोवती सगळ्यांत दाट. उजव्या कप्प्याच्या माथ्यावर, जिथं ठोक्याची सुरुवात होते, तिथं एक गादी. खाली, जिथून ठोका खालच्या कप्प्यांकडे उतरतो, तिथं आणखी एक. मानेतून आणि पाठीच्या कण्याजवळून निघालेले तंतू मोठ्या रक्तवाहिन्यांच्या अंगाअंगानं खाली येतात, या गाद्यांत घुसतात आणि तिथून बारीक होत होत कप्प्यांच्या भिंतीत पसरतात. सासूबाईंनी त्या दिवसांत माझ्या हातचा चहा घेणं सोडलं. त्यांचं बरोबरच होतं.

जेवल्यावर आणि आडवं पडल्यावर मानेतून उतरणाऱ्या मोठ्या मज्जातंतूचा जोर वाढतो, आणि काही माणसांत त्या जोरानं वरचे कप्पे ताल सोडून नुसते थरथरत राहतात, हे वाचलं तेव्हा मला तात्यांचा ओला पायजमा आठवला. मी डबा घेतला आणि बावड्याला गेले.

तात्या तोवर निवृत्त झाले होते. अंगणात बाजेवर बसलेले. सोनाकाकी, म्हणजे त्यांची बायको, भांडी घासत होती. मी बोकडाचं हृदय ताटलीत काढलं आणि टाचणीनं दाखवू लागले.

"तात्या, तुमच्या कालव्यासारखं समजा. मेंदू म्हणजे ऑफिस. पाण्याचं आवर्तन कधी सोडायचं ते ऑफिस सांगतं. मानेतून येणारा हा मोठा तंतू म्हणजे मुख्य कालवा. पण पाणी वाफ्यापर्यंत कोण नेतं? ह्या गाठी म्हणजे चाऱ्यांवरचे पाटकरी. हे वरचे कप्पे म्हणजे शेत. ऑफिस काहीही म्हणो, दार किती उघडायचं ते पाटकरी ठरवतो."

"पाटकरी न्हाय ठरवत, बाई. पाटकऱ्याला दम देनारं ठरवत्यात."

"बरं, तसं धरा. तर जेवल्यावर मुख्य कालव्याला एकदम पाणी वाढतं. हे पाटकरी गोंधळतात, सगळ्या चाऱ्यांची दारं एकदम उघडतात, आणि शेतात पाणी नुसतं सैरावैरा. तुमचे वरचे कप्पे ठोका द्यायचा सोडून थरथरत असणार."

तात्यांनी छातीवर हात ठेवला. मग म्हणाले, "थरथरतंय. व्हय. मी येवढी वर्सं उड्या म्हनत हुतो. उड्या न्हायत त्या. थरथरच हाय." मग बायकोकडे वळून, "ऐकलं का? माज्या छातीत पाटकरी बिघडल्यात."

"तुमचा पाटकरी मला ठावं हाय," सोनाकाकी हातातलं पातेलं घासणं न थांबवता म्हणाली. "जेवलं की थरथरतोय. सरपन फोडा म्हटलं की थरथरतोय. पारावर पत्त्यांचा डाव मांडला की लगीच थांबतोय."

"पारावर मी चालत जातो, म्हनून थांबतोय. बाई आत्ता त्येच सांगत हुत्या."

"बाईंनी बोकडाचं सांगितलं. बोकड कुटं सरपन फोडतंय?"

मी हसले. तात्या हसले नाहीत. मी त्यांना पुन्हा तपासणीसाठी नेलं, ओळखीच्या डॉक्टरांकडे. हृदय पुन्हा शहाणं होऊन बसलं. डॉक्टर भले होते, म्हणाले, "शक्यता आहे. पण दिसल्याशिवाय औषध कसं देऊ? ती औषधं साधी नाहीत." तेही बरोबरच होतं. या गोष्टीत सगळेच बरोबर आहेत, हीच तर हिची कडू चव.

पुढच्या खेपेला तात्यांनी मला बाजेवर शेजारी बसवून घेतलं. काकी घरात नव्हती.

"बाई, माजं शरीर तुमच्या कालेजाला लिवून द्यायचं हाय."

"तात्या, भाषणं देणं मी सोडलंय आता."

"भाषनामुळं न्हाय. मी गेल्यावर ही छाती उघडा. त्या गाठी बघा. आन् हिला येऊन सांगा. मी सोंग करत न्हवतो, येवढंच."

मला खोटं बोलता आलं नाही. "गाठी सगळ्यांनाच असतात, तात्या. मेलेल्या हृदयाकडे बघून ते थरथरत होतं का नाही हे छातीठोक सांगता येत नाही. गाद्या जाड निघाल्या, गाठी दाट निघाल्या, कप्पा ताणलेला निघाला, तर फार तर अंदाज."

"अंदाज द्या. पन बघून द्या. आतापतूर समद्यांनी न बघताच दिलाय."

मी हो म्हणाले.

तात्या गेले ते दुपारी, जेवून बाजेवर आडवे झाल्यावर. मी तोवर निवृत्त झाले होते. फोन सोनाकाकीनंच केला. "बाई, गाडी पाठवा." मी पोचले तेव्हा अंगणात भावकी जमलेली होती आणि तात्यांचा धाकटा भाऊ तावातावानं बोलत होता. "अग्नी न्हाय, राख न्हाय, मग दहावं कशाचं करायचं? लोकं तोंडात शेण घालतील." काकी उंबऱ्यावर बसली होती. तिनं वर न बघता सांगितलं, "त्यांनी सांगितलंय. न्या." इतकंच, पण ते असं सांगितलं की दीर गप्प झाला. गाडीत ठेवल्यावर ती माझ्याजवळ आली. पदर तोंडाशी होता. म्हणाली, "बघून सांगा पन."

देह आला की लगेच विच्छेदन होत नाही. तो औषधं भरून टिकवतात, काही महिने ठेवतात. विभागप्रमुख आता कुलदीप होता. इंदापूरचा मुलगा, माझाच विद्यार्थी, माझ्या सुरुवातीच्या काळातला. पहिल्याच वर्षी त्याचा हात बघून मी म्हणाले होते, हा पुढे शिकवणार. मी त्याला म्हणाले, "कुलदीप, या माणसाच्या हृदयाला मुलांचा हात लागू द्यायचा नाही. ते मला बघायचंय."

"मॅडम, सांगायला नको."

मग माझ्या डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, एक आणि मग दुसरं. घरात काळा चष्मा लावून बसले. बारीक काम बंद. कुलदीप मधून मधून फोन करायचा, "डोळे कसे आहेत, मॅडम?" मी म्हणायचे, "आता म्हातारीला धूसर दिसतंय." एक दिवस त्याचाच फोन आला. "मॅडम, या. तुमच्यासाठी एक काम करून ठेवलंय."

मी नव्या डोळ्यांनी गेले. हॉलमध्ये फरशी तशीच ओली, वास तसाच. कुलदीपनं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि कपाटातून पांढऱ्या कापडानं झाकलेली एक बरणी आणली. लग्नातला आहेर उघडावा तसं त्यानं ते कापड काढलं.

हृदय होतं. माझ्या जुन्या बरणीतल्यापेक्षाही सुंदर. रक्तवाहिन्या पार टोकापर्यंत सोडवलेल्या, कुठंही एक तुटलेली नाही. त्यानं बरणी हळूच फिरवली.

"मागची बाजू बघा, मॅडम. शिरांच्या तोंडाशी. एक कण नाही ठेवला. लई दाट होती हितं. दोन आठवडे लागले."

"कशी दाट?"

"गाद्याच होत्या. मी एवढ्या जाड कधी बघितल्या नव्हत्या. तुमच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून म्हटलं, सगळं साफ करूनच तुमच्यापुढं ठेवायचं."

चहा आला. मी कप उचलला आणि तसाच ठेवला.

"कुलदीप, ती चरबी कुठाय?"

"चरबी?" तो हसला. मग थांबला. "ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेली, मॅडम. गाडी येऊन घेऊन गेली. का?"

"मी म्हटलं होतं, हात लावू देऊ नकोस."

"मुलांना नाही लावू दिला. मी स्वतः केलं. तुम्ही दिलेल्या चिमट्यानं."

मी त्याला गाठींचं सांगितलं. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. त्याला हे अगदीच माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात आता दोन ओळी असतात. पण आमच्या धंद्यात हृदय बघणं म्हणजे स्वच्छ हृदय बघणं, दुसरं काही मनातच येत नाही. शेवटच्या वर्षांत मी मुलांना तासाच्या शेवटी या गाठींबद्दल सांगायचे. मुलं ऐकायची आणि वही मिटायची, कारण परीक्षेत रक्तवाहिन्या विचारतात. कुलदीपच्या वेळी तर मी तेवढंही सांगत नव्हते. त्याच्या वेळी ती टाचांची बाई शिकवत होती.

"मॅडम, तुम्हीच म्हणायचात..." त्यानं वाक्य सोडून दिलं. चांगला मुलगा आहे.

"चरबी म्हणजे कचरा," मी म्हणाले. "बोल की. पाठ आहे ना सगळ्यांना?"

तो रडायच्या बेताला आला होता, म्हणून मीच त्याच्या कामाचं कौतुक केलं. आणि ते खरंही होतं. तीन पिढ्यांत इतकं स्वच्छ हृदय या जिल्ह्यात कुणी काढलं नसेल. मी भिंग घेऊन बरणीला डोळा लावून बसले. डावा वरचा कप्पा थोडा ताणलेला वाटत होता. पण तो वयानंही ताणतो, रक्तदाबानंही ताणतो. त्यावरून शपथ घेता येत नव्हती. गाद्या जाड होत्या, हे कुलदीपचे शब्द. त्यांत गाठी किती, कशा, कुठल्या तंतूंनी कप्प्यांना जोडलेल्या, ते आता कुणालाही सांगता येणार नव्हतं. सापडलं असतंच असं मी म्हणत नाही. पण बघितलं असतं.

त्यानं विचारलं, "ही बरणी दर्शनी कपाटात ठेवू का? खाली तुमचं नाव घालतो."

"त्यांचं घाल," मी म्हणाले.

"देणाऱ्याचं नाव घालायची पद्धत नाही, मॅडम."

पद्धत मीच पाडली होती. मी काळा चष्मा लावला आणि बाहेर पडले.

बावड्याला जायला मी बरेच दिवस लावले. अखेर गेले. अंगणातली बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. सोनाकाकी पायरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं माझ्यापुढे सूप सरकवलं. "रिकाम्या बसू नका. टरफलं हिकडं टाका, शेळीला लागत्यात."

मी सोलायला लागले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "बघितलं?"

वाटेत मी दोन उत्तरं तयार केली होती. खरं होतं, असं सांगितलं तर तात्यांना दिलेला शब्द पाळल्यासारखं होईल, पण ही बाई उरलेले दिवस आपल्याच टोमण्यांबरोबर काढील. सोंग होतं, असं सांगितलं तर हिला झोप लागेल, आणि तात्या पुन्हा एकदा खोटे पडतील. एसटीत बसल्या बसल्या दोन्ही चांगली वाटली होती. तिच्यासमोर एकही तोंडातून निघेना.

"काकी, ज्या चरबीत ते बघायचं होतं, ती मी जायच्या आधीच काढून टाकली. आमच्याच माणसानं. साफ करायला म्हणून."

"साफ करायला."

"हो."

"मंग खरं हुतं का सोंग हुतं?"

"मला माहीत नाही."

तिचे हात चालूच होते. शेंग फुटत होती, दाणे सुपात पडत होते, टरफल पाटीत. मग म्हणाली, "म्हंजे तुमी बी न्हाय बघितलं त्यांच्याकडं."

"नाही."

"मी जल्मभर शेजारी निजून न्हाय बघितलं. मला वाटलं, शिकलेली मानसं हायती. उघडून तरी बघतील."

मी शेंगा सोलत राहिले.